बालकल्याणाची चित्रभाषा : आवाहनपत्रकापासून वाढीच्या आलेखापर्यंत

प्रस्तावना

बालकल्याण संस्थांच्या इतिहासात संस्थापक, निधी, योजना व लाभार्थी यांची दखल घेतली जाते. मात्र या संस्थांची पत्रके, शुभेच्छापत्रे, भित्तिपत्रके व तक्ते ज्यांनी तयार केले, ते मुक्त व्यावसायिक चित्रकार व आरेखनकार इतिहासलेखनात बहुधा अनुल्लेखित राहिले आहेत. वस्तुतः समाजाने गरजू बालकाकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, हे ठरविण्यात या चित्रांचा वाटा मोठा आहे. प्रस्तुत निबंधात या चित्रभाषेच्या विकासाचे टप्पे पाहून शहादा परिसरासारख्या आदिवासीबहुल भागाच्या संदर्भात त्यांचा अर्थ तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

आवाहनाचे चित्र

पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनने केलेली नाकेबंदी सुरूच असल्याने मध्य युरोपातील मुले उपासमारीने ग्रासली होती. १९१९ मध्ये एग्लंटाईन जेब यांनी लंडनच्या ट्रॅफल्गार चौकात उपाशी ऑस्ट्रियन बालकाचे छायाचित्र असलेले पत्रक वाटले. त्याबद्दल त्यांना अटक होऊन पाच पौंड दंड झाला. त्याच वर्षी 'सेव्ह द चिल्ड्रन फंड' ही संस्था स्थापन झाली. कृश बालकाची प्रतिमा आणि मदतीची हाक यांची जोडगोळी येथून आधुनिक धर्मादाय प्रचारात रूढ झाली, असे म्हणता येईल.

दुसऱ्या महायुद्धानंतर एक वेगळा प्रवाह सुरू झाला. ११ डिसेंबर १९४६ रोजी युनिसेफची स्थापना झाली. या संस्थेच्या मदतीबद्दल कृतज्ञता म्हणून चेकोस्लोव्हाकियातील जित्का सामकोव्हा या सात वर्षांच्या मुलीने एक चित्र काढले होते. १९४९ मध्ये ते युनिसेफचे पहिले शुभेच्छापत्र म्हणून छापले गेले. त्यात उपासमार नव्हती, तर खांबाभोवती फेर धरून नाचणाऱ्या मुली होत्या. बालक येथे दयेचा विषय न राहता स्वतः चित्रकर्ता झाले. पुढे पिकासो, मातीस, शागाल यांसारख्या कलावंतांच्या कृतीही या शुभेच्छापत्रांवर आल्या.

मुंबईतील परंपरा

महाराष्ट्रात या कामासाठी लागणारे कौशल्य मुंबईत घडत होते. सर ज. जी. कला महाविद्यालयात १९३५ मध्ये व्यावसायिक कलेचा विभाग सुरू झाला आणि त्यातूनच पुढे स्वतंत्र उपयोजित कला संस्था उभी राहिली. १९४८ मध्ये मुंबईत कमर्शियल आर्टिस्ट्स गिल्डची स्थापना झाली. जाहिरात, मुखपृष्ठ, अक्षरलेखन व मांडणी ही कामे करणाऱ्यांना त्यामुळे व्यावसायिक ओळख लाभली.

१९७९ हे संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय बालवर्ष म्हणून घोषित केले होते. त्याच वर्षी एअर इंडियाच्या सेवेत असलेले रिप्पन कपूर व त्यांचे सहा मित्र यांनी पन्नास रुपयांच्या भांडवलावर मुंबईत 'क्राय' ही संस्था सुरू केली. शुभेच्छापत्रांची विक्री हे तिच्या निधीचे एक महत्त्वाचे साधन ठरले. शहरी मध्यमवर्गीय कुटुंबात दिवाळी वा नववर्षाच्या निमित्ताने येणारे हे पत्र एकाच वेळी विक्रेय वस्तू, कलाकृती व सामाजिक संदेश होते. संस्थेच्या नावातील 'रिलीफ' या शब्दाची जागा पुढे 'राइट्स' या शब्दाने घेतली. हा बदल केवळ शाब्दिक नव्हता. मदतीस पात्र असलेले मूल आणि हक्काचे धनी असलेले मूल यांची चित्रे एकसारखी असू शकत नाहीत.

दयेकडून प्रतिष्ठेकडे

१९८४-८५ च्या इथिओपियातील दुष्काळात उपाशी मुलांच्या प्रतिमा जगभर पसरल्या. मोठा निधी जमला. परंतु त्या प्रतिमांनी माणसांना असहाय व निष्क्रिय ठरविले, अशी टीकाही झाली. १९८९ मध्ये युरोपीय स्वयंसेवी संस्थांनी प्रतिमा व संदेशांविषयीची आचारसंहिता स्वीकारली. त्याच वर्षी २० नोव्हेंबर रोजी संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार संमत झाला व ११ डिसेंबर १९९२ रोजी भारताने तो स्वीकारला. या कराराच्या सोळाव्या कलमाने बालकाच्या खासगीपणास संरक्षण दिले आहे. भारतात बालन्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख पटेल असा तपशील प्रसिद्ध करण्यास मनाई आहे.

शहाद्याचा संदर्भ

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के, तर साक्षरता सुमारे ६४ टक्के होती. सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या शहादा तालुक्यात मराठीबरोबरच अहिराणी, गुजरी, भिली व पावरी या बोली कानी पडतात. कुपोषणाच्या बातम्यांमुळे या जिल्ह्यातील बालकाचा चेहरा बाहेरच्या वाचकास परिचित झाला आहे. तथापि त्या बालकाच्या आईसाठी कोणते चित्र काढले गेले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

आईसाठी काढलेले सर्वांत महत्त्वाचे चित्र म्हणजे वाढीचा आलेख होय. डेव्हिड मॉर्ले या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञांनी नायजेरियातील ग्रामीण भागात काम करताना 'आरोग्याचा मार्ग' दर्शविणारा तक्ता विकसित केला. तो दवाखान्यात न राहता आईजवळ राहावा, हे त्याचे वैशिष्ट्य होते. एका दिवसाच्या वजनापेक्षा रेषेची दिशा महत्त्वाची मानली गेली. रेषा वर जात असेल तर मूल वाढते आहे. ती आडवी झाली तर वेळीच सावध व्हावे. भारतात २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांनिशी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे असा आलेख अंगणवाडीपर्यंत पोहोचला. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये नवी वाढमानके प्रसिद्ध केल्यानंतर हिरवा, पिवळा व नारिंगी पट्टा असलेले, मुलगा व मुलगी यांच्यासाठी स्वतंत्र आलेख प्रचारात आले. दंडघेर मोजण्याची पट्टीही याच विचाराची आहे. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला की पट्टी लाल रंग दाखविते, ११.५ ते १२.५ पर्यंत पिवळा व त्यापुढे हिरवा. अक्षरओळख नसलेल्या व्यक्तीलाही रंगावरून धोका कळतो.

तरीही चित्र सर्वांना आपोआप समजते, हा समज चुकीचा आहे. नेपाळमधील ग्रामस्थांच्या चित्राकलनाचा अभ्यास १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. छायाभेद दाखविणारी रेखाटने अधिक ओळखली गेली, तर अतिशैलीबद्ध चित्रे सर्वांत कमी ओळखली गेली. चित्रमालिकेचा डावीकडून उजवीकडे जाणारा क्रमही वाचनाची सवय नसलेल्यांना सहज उमगला नाही. सातपुड्यातील भित्तिपत्रकांवर 'आदिवासी' म्हणून वारली आकृत्या वापरण्याचा मोह याच दृष्टीने तपासावा लागतो. वारली शैली मुख्यतः डहाणू-तलासरी परिसरातील आहे. भिल्ल व पावरा वाचकाला ती आपली वाटेलच, असे गृहीत धरता येत नाही.

चित्रकाराचे स्थान

धर्मादाय कामात चित्रकाराने विनामोबदला श्रम द्यावेत, अशी अपेक्षा सर्रास असते. स्वेच्छेने दिलेले दान आणि गृहीत धरलेले दान यांत फरक आहे. प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम १७ नुसार कृतीचा प्रथम स्वामी सामान्यतः तिचा कर्ता असतो. नोकरीत असताना केलेली कृती, तसेच मोबदला देऊन करवून घेतलेले छायाचित्र वा रंगचित्र यांना अपवादाचे नियम लागू होतात. कलम १९ प्रमाणे प्रताधिकाराचे हस्तांतरण लेखी असावे लागते. मुदत नमूद नसल्यास ती पाच वर्षे मानली जाते. त्यामुळे लेखी कराराविना बोधचिन्ह करवून घेणारी लहान संस्था काही वर्षांनी आपल्याच चिन्हाच्या मालकीबाबत अडचणीत येऊ शकते. करार हा अविश्वासाचा नव्हे, तर दोन्ही बाजूंच्या सुरक्षिततेचा विषय आहे.

समारोप

वरील विवेचनावरून बालकल्याणाच्या चित्रभाषेचे दोन प्रवाह स्पष्ट होतात. आवाहनपत्रक व शुभेच्छापत्र दात्याला उद्देशून असते. वाढीचा आलेख व दंडघेराची पट्टी आईला उद्देशून असते. पहिल्याने निधी मिळतो, दुसऱ्याने मूल वाचण्याची शक्यता वाढते. पहिल्या प्रवाहाला कलावंतांची नावे व प्रतिष्ठा लाभली. दुसऱ्याकडे कला म्हणून पाहिलेच गेले नाही. शहाद्यासारख्या ठिकाणी काम करणाऱ्या आरेखनकारासमोर म्हणूनच पहिला प्रश्न रंगसंगतीचा नसून वाचकाचा आहे. आपले चित्र भिली वा पावरी बोलणाऱ्या आईला दाखवून, तिला काय दिसले ते ऐकून, मगच छपाईस द्यावे. त्या चित्रातील मूल उद्या मोठे होऊन ते पत्रक हाती घेईल, तेव्हा त्याला स्वतःची लाज वाटू नये, हीच या कलेची खरी कसोटी होय.