स्वतःला सामावणारा प्रकार : एका निषेधाचा इतिहास

१/ उमरेडवरून नागपूर–नागभीड ही नॅरोगेज गाडी अनेक दशके धावत असे. ‘गाडी’ची व्याख्या करायची झाल्यास दोन वाक्ये पुरतात. नुसते इंजिन ही गाडी. आणि कोणत्याही गाडीला मागे एक डबा जोडला की तीही गाडीच. व्याख्येतच व्याख्येचा विषय आला, तरी कोणाचा गोंधळ उडत नाही. संगणकशास्त्रात अशा रचनेस ‘पुनरावर्ती प्रकार’ म्हणतात. इतक्या साध्या कल्पनेकडे तर्कशास्त्राने दीर्घकाळ संशयाने पाहिले. त्या संशयाची ही कथा.

२/ १६ जून १९०२ रोजी बर्ट्रांड रसेल यांनी गोटलोब फ्रेगे यांना एक पत्र लिहिले. जे संच स्वतःचे घटक नाहीत, अशा सर्व संचांचा एक संच करा. तो स्वतःचा घटक आहे काय? ‘होय’ म्हणावे तर उत्तर ‘नाही’ येते आणि ‘नाही’ म्हणावे तर ‘होय’. फ्रेगे यांच्या ग्रंथाचा दुसरा खंड तेव्हा छापखान्यात होता. त्यांना घाईने परिशिष्ट जोडावे लागले. १९०८ मध्ये रसेल यांनी उपाय सविस्तर मांडला : वस्तूंच्या पायऱ्या पाडाव्यात आणि कोणीही स्वतःला सामावू नये. ‘प्रकार’ या संकल्पनेचा जन्म असा भीतीपोटी झाला.

३/ अलोन्झो चर्च यांच्या वाट्यालाही तेच आले. त्यांनी मांडलेली तर्कपद्धती विसंगत असल्याचे १९३५ मध्ये त्यांच्याच शिष्यांनी, क्लीन व रॉसर यांनी, सिद्ध केले. १९४० मध्ये चर्च यांनी आपल्या लॅम्डा कलनाला प्रकारांची चौकट दिली. या चौकटीत ‘क’ हे फंक्शन ‘क’लाच लागू करता येत नाही. कारण ‘क’ जर ‘अ’पासून ‘ब’कडे जात असेल, तर ‘अ’ म्हणजेच ‘अ-पासून-ब’ असे मानावे लागते, आणि हा विस्तार कधी संपत नाही. निषेधाचे फळही मोठे होते : या चौकटीतील प्रत्येक गणन निश्चितपणे थांबते.

४/ पुढील प्रश्न असा : प्रोग्रॅमरने प्रकार लिहिलेच नाहीत, तर यंत्र ते स्वतः ओळखेल काय? रॉजर हिंडले यांनी १९६९ मध्ये तर्कशास्त्राच्या अंगाने आणि एडिंबरो येथील रॉबिन मिल्नर यांनी १९७८ मध्ये एमएल भाषेसाठी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, ‘होय’ असे उत्तर दिले. यालाच प्रकारानुमान म्हणतात. त्याचे इंजिन म्हणजे जे. ए. रॉबिन्सन यांची १९६५ सालची समीकरणे जुळवण्याची रीत. त्या रीतीत एक तपासणी असते : अज्ञात प्रकार स्वतःच्याच उत्तरात दिसला, तर थांबा आणि चूक कळवा. रसेल यांचा निषेध या एका तपासणीत शिल्लक राहिला.

५/ परंतु याद्या आणि वृक्ष यांच्यावाचून प्रोग्रॅमिंग चालत नाही, आणि त्या रचना तर उमरेडच्या गाडीसारख्याच. म्हणून तडजोड झाली. १९८० च्या सुमारास एडिंबरोच्याच होप भाषेत आणि पुढे एमएलमध्ये, प्रोग्रॅमरने नाव देऊन घोषित केलेला पुनरावर्ती प्रकार मान्य झाला. मुख्य दाराने, नाव सांगून या. आडवाटेने आलात तर चूक ठराल.

६/ येथे मराठी वाचकास ओळखीचे वाटेल असे एक आडनाव येते. १९८८ मध्ये सतीश थत्ते यांनी ‘आंशिक प्रकार’ मांडले. सर्वांना सामावणारा एक सर्वोच्च प्रकार कल्पिला, की एकाच यादीत भिन्न जातीच्या वस्तू बसतात. इतकेच नव्हे, ‘क’ला ‘क’ लागू करणेही वैध ठरते. मात्र येथे अनुमान करणारे यंत्र योग्य प्रोग्रॅमला ‘होय’ म्हणेल, पण अयोग्य प्रोग्रॅमवर ते कधी थांबेल याची हमी थत्ते यांच्या निष्कर्षात नव्हती. हा प्रश्न खुला राहिला.

७/ ओ’कीफ व वँड यांनी तो सोडवला, पण त्यांच्या रीतीचा वेळ घातांकी गतीने वाढत होता. पुढे कोझेन, पाल्सबर्ग आणि श्वार्त्झबाख यांनी प्रोग्रॅमच्या लांबीच्या घनाच्या प्रमाणात वेळ घेणारी रीत दिली. अनंत विस्ताराचे प्रकार त्यांनी सांत यंत्राने, म्हणजे मोजक्या अवस्था व त्यांतील बाणांनी दाखवले. वर्तुळ काढले की अनंत मार्ग एका चित्रात मावतो. म्हणूनच ती रीत पुनरावर्ती प्रकारांनाही तितकीच लागू पडली.

८/ मग बंदी उठली काय? पूर्णपणे नाही. ओकॅमल भाषेत आडवाटेचे पुनरावर्ती प्रकार हवे असल्यास वेगळा पर्याय निवडावा लागतो. कारण व्यावहारिक आहे : ते सरसकट मान्य केले, तर प्रोग्रॅमरची साधी चूकही एखादा विचित्र प्रकार धारण करून निसटते. शिवाय निर्बंध नसलेल्या पुनरावृत्तीबरोबर ‘गणन थांबेलच’ ही चर्च यांच्या चौकटीतील हमीही जाते.

९/ थत्ते यांनी १९९० मध्ये प्रकारांची काही तपासणी आधी आणि उरलेली प्रोग्रॅम चालताना करण्याची कल्पनाही मांडली होती. त्याच वाटेवरील ‘क्रमिक प्रकार’ सीक व ताहा यांनी २००६ मध्ये मांडले. जानेवारी २०१५ मध्ये प्रोग्रॅमिंग भाषांच्या तत्त्वांवरील पॉपल ही आंतरराष्ट्रीय परिषद मुंबईत भरली, आणि गार्सिया व चिमिनी यांनी तेथे क्रमिक प्रकारांसाठी प्रकारानुमानाची रीत सादर केली.

१०/ १९०२ च्या त्या पत्रात जो स्वसंदर्भ केवळ संकट होता, तो आज नेमक्या अटींवर वापरला जातो. शास्त्राने भीती नाकारली नाही. ती कोठे खरी आणि कोठे अनाठायी, याची सीमारेषा आखली. ती रेषा आखण्यास शंभरांहून अधिक वर्षे लागली, आणि ती अजूनही सरकते आहे.