खोपोलीचे पाइप

मे महिन्यात आमच्या खोपोलीला आलेला पाहुणा हमखास विचारायचा, "ऐन उन्हाळ्यात नदीला पाणी कुठलं?" आम्ही पोरं डोंगराकडे बोट दाखवायचो. घाटमाथ्यावरून सरळ खाली उतरलेले लोखंडी पाइप. पाणी लोणावळ्याचं, पाताळगंगा आमची, वीज मुंबईची.

पुढे मी त्याच विजेच्या दुसऱ्या टोकाला चिकटलो. 1976 साली लालबागच्या एका गिरणीत वायरमन. धूर कधीच बंद झालेलं धुराडं अजून उभं होतं. विजेआधी गिरण्या वाफेवर चालत. एक अजस्र इंजिन, त्यावरून दोर, दोरांवर शाफ्ट, शाफ्टवर पट्टे आणि पट्ट्यांवर साचे. बॉयलरला कोळसा लागे तो थेट बंगालकडून, रेल्वेने नाहीतर बोटीने. तो महाग पडे, आणि गिरणगावात वाळत घातलेल्या धोतरावर त्याची काजळी फुकट मिळे.

सह्याद्रीचं पाणी अडवून त्यावर मुंबई चालवायची कल्पना डेव्हिड गॉस्टलिंग या मुंबईतल्या इंग्रज अभियंत्याची. जमशेटजी टाटांनी ती मनावर घेतली, पण 1904 साली ते गेले. कंपनी काढली दोराबजींनी, 1910 साली. खरी अडचण उंचीची नव्हती; घाटाने पाचशे मीटरचा कडा आयता दिला होता. अडचण होती पावसाची. लोणावळ्यात धो धो पडतो, पण चारच महिने, आणि गिरणी चालते बारा महिने. म्हणून लोणावळा, वळवण, शिरवता ही तळी बांधली. पाऊस साठवायचा आणि मागणी येईल तसा सोडायचा. त्या काळी अशा विजेला पांढरा कोळसा म्हणत. 1915 साली खोपोलीची यंत्रं फिरली आणि पहिली वीज मिळाली सिम्प्लेक्स मिलला.

मग 1922 ला भिवपुरी, 1927 ला भिरा. भिऱ्याच्या पाण्यासाठी मुळशीचं खोरं बुडालं. आंबेमोहोर पिकवणारी जमीन होती ती. 1921 साली मावळ्यांनी विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट यांच्यासोबत सत्याग्रह केला. बापट 'सेनापती' झाले ते इथेच. तीन वर्षं लढा चालला, लोक तुरुंगात गेले, धरण झालंच. खोपोलीत पाइपांचं कौतुक करताना आम्ही मुळशीचं नाव घेत नसू. मीही घेत नव्हतो.

आणखी एक गोष्ट कोकणात कुणी फारशी बोलत नाही. हे पाणी मुळात पूर्वेला, भीमेकडे जाणारं. वळवून पश्चिमेला आणलं म्हणून आमची नदी उन्हाळ्यात वाहते.

1982 च्या संपानंतर माझी गिरणी उघडलीच नाही. आता माझा भाचा महाप्याच्या एका डेटा सेंटरमध्ये पाळीत असतो. समुद्राखालच्या केबली मुंबईच्या किनाऱ्याला लागतात, बँका आणि शेअर बाजार इथेच, म्हणून ही केंद्रंही ऐरोली, महापे, पनवेलकडे दाटली. काम मात्र ओळखीचं : फीडर, पॅनेल, ट्रान्सफॉर्मर. फरक भाच्यानेच सांगितला. "मामा, तुमच्या गिरणीत खंडेनवमीला मशीन बंद करून पूजा व्हायची ना? आमच्याकडे पॅनेलला बाहेरून हार घालतात. आत सगळं चालूच." 12 ऑक्टोबर 2020 ला मुंबई-ठाण्याची वीज गेली, तेव्हाही आतला भार हलला नाही. डिझेलची जनित्रं घोंघावत होती.

हीच गोम आहे. डेटा सेंटरवाले सौर आणि पवन विजेचे करार करतात, वर्षाचे युनिट कागदावर जुळवतात. पण सूर्य सहाला मावळतो, आणि रात्री दोन वाजता भाच्याच्या पॅनेलवर जी वीज असते तिच्यात कोळसा भरपूर असतो. असा हिशेब मला अर्धाच वाटतो. दोराबजींना जे कोडं पावसाचं पडलं, ते यांना उन्हाचं पडलं आहे.

त्यामुळे नजर पुन्हा घाटाकडे वळली, यात मला नवल नाही. दिवसाच्या जादा विजेने पाणी वर चढवायचं, रात्री तेच खाली सोडून वीज करायची. सरकारी मराठीत याला उदंचन म्हणतात. भिऱ्याला 150 मेगावॉटचा असा संच आधीपासून आहे, घाटघरला 250 मेगावॉटचा. ऑगस्ट 2023 मध्ये टाटा पॉवरने राज्य सरकारशी आणखी दोन प्रकल्पांचा सामंजस्य करार केला : भिवपुरीला 1,000 मेगावॉट आणि शिरवत्याला 1,800. खोपोलीचं मूळचं केंद्र आज सारं मिळून 72 मेगावॉटचं आहे.

मी या योजनेच्या बाजूचा आहे. फक्त या वेळी पाइपाच्या वरच्या टोकाला राहणाऱ्यांना आधी विचारा. 1921 साली ते राहून गेलं होतं.