राखेची साक्ष : आगीचे कारण शोधणाऱ्या एका ज्ञातिबांधवाचे स्मरण

महाड व पोलादपूर या दोन तालुक्यांतील आगीचा इतिहास लिहावयाचा झाल्यास आरंभ रायगडापासून करावा लागेल. १८१८ च्या मे महिन्यात कर्नल प्रॉथरच्या सैन्याने गडावर तोफांचा मारा केला. त्या माऱ्याने गडावरील इमारतींस आग लागली आणि १० मे रोजी गड इंग्रजांच्या स्वाधीन झाला. दुसऱ्या बाजीरावाची पत्नी वाराणसीबाई त्या समयी गडावर होती. आज आपण गडावर जातो तेव्हा जोती दिसतात, पायऱ्या दिसतात, भिंतींचे दगड दिसतात. परंतु ज्या लाकडी खांबांवर, तुळयांवर व छपरांवर तो वैभवशाली संसार उभा होता त्यांपैकी काहीच दृष्टीस पडत नाही. जे जळणारे होते ते गेले, जे जळत नाही ते उरले. या उरलेल्यावरून गेलेल्याची हकीकत जुळविणाऱ्यास आपण इतिहासकार म्हणतो. हेच काम जळालेल्या घराच्या राखेत बसून करणारा एक वर्ग समाजात आहे, आणि त्याची दखल मात्र क्वचितच घेतली जाते. स्मरणिकांतून वकील, डॉक्टर, शिक्षक व देणगीदार यांची चरित्रे येतात, आणि ती योग्यच आहेत. आगीचे कारण शोधण्यात आयुष्य वेचणाऱ्या आपल्याच एका ज्ञातिबांधवाविषयी येथे चार शब्द लिहावयाचे योजिले आहे. ते नात्याने माझे काका. स्वतःचे नाव छापून येणे त्यांस कधीच रुचले नाही. तीच मर्यादा त्यांच्या पश्चात मी पाळीत आहे.

पोलादपूर तालुक्यातील डोंगरकुशीत ज्याचे बालपण गेले त्यास अग्नीची ओळख पुस्तकातून करून घ्यावी लागत नाही. पावसाळ्यापूर्वी भातरोपांच्या जागेवर पालापाचोळा, शेण व फांद्या पसरून राब भाजावयाचा, ही आपल्याकडील शेतीची जुनी रीत. वारा फिरला की हीच आग बांधाबाहेर जाते, वाळलेले गवत धरते आणि पाहता पाहता डोंगर पेटतो. वणवा लागला म्हणजे जुनी माणसे ‘देवाची इच्छा’ म्हणून हात जोडीत. परंतु वणवा आपोआप लागल्याचे उदाहरण आपल्या डोंगरांत विरळाच; बहुधा त्याच्या मुळाशी मनुष्याचा हात असतो, कधी हेतूने, पुष्कळदा निष्काळजीपणाने. काकांच्या मनात कारणाविषयीचे कुतूहल येथेच रुजले असावे.

कोकणातील असंख्य तरुणांप्रमाणे तेही मुंबईस गेले. कोणी गिरणीत लागले, कोणी गोदीत. काका अग्निशमन दलात दाखल झाले. मुंबईच्या गोदीतील महास्फोटास तेव्हा थोडीच वर्षे लोटली होती, आणि त्या दिवसातून वाचलेले जवान दलात होते. नव्या भरतीच्या मुलांस शिक्षण मिळे ते कवायतीइतकेच त्यांच्या आठवणींतून. तो प्रसंग तरुण पिढीस ठाऊक असणे अवश्य आहे, म्हणून तो थोडक्यात सांगतो.

‘फोर्ट स्टिकीन’ हे मालवाहू जहाज २४ फेब्रुवारी १९४४ रोजी इंग्लंडातील बर्कनहेड बंदरातून निघून कराचीमार्गे १२ एप्रिल रोजी मुंबईस पोहोचले व व्हिक्टोरिया गोदीत लागले. त्यावर सुमारे १,४०० टन स्फोटके होती, सोन्याच्या विटा होत्या, आणि कराचीस चढविलेल्या कापसाच्या सुमारे ८,७०० गाठी होत्या. १४ एप्रिल रोजी दुपारी दोनच्या सुमारास जहाजाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या तळघरात आग असल्याचे खलाशांच्या ध्यानी आले. बंब आले, ९०० टनांहून अधिक पाणी आत सोडण्यात आले. परंतु आगीचे नेमके ठिकाण धुरात दिसेना आणि पाणी उकळू लागले. तीन वाजून पन्नास मिनिटांनी जहाज सोडून जाण्याचा हुकूम झाला. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि चार वाजून चौतीस मिनिटांनी दुसरा. त्याचा हादरा दूरच्या सिमल्याच्या भूकंपमापकावर उमटला. तेरा जहाजे नष्ट झाली, सुमारे ८०,००० लोक बेघर झाले, शेकडो माणसे मृत्यू पावली. अग्निशमन दलाचे ६६ जण त्या दिवशी कामावर गेले ते परतलेच नाहीत. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो.

तो काळ महायुद्धाचा होता. वृत्तपत्रांवर निर्बंध होते. सविस्तर बातमी छापण्यास मे महिना उजाडावा लागला. जेथे बातमी नसते तेथे कंडी पिकते. जपान्यांनी बाँब टाकला, हेरांनी घातपात केला, अशा वार्ता तोंडोतोंडी पसरल्या. पुढे चौकशी झाली तेव्हा निष्पन्न झाले ते असे : आगीचे मूळ बहुधा कापसाच्या गाठींत होते. त्या गाठी स्फोटकांच्या खाली रचल्या होत्या. धोक्याचा माल असल्याचे दर्शविणारे तांबडे निशाण जहाजावर लावले नव्हते. स्फोटके उतरविण्यास दिरंगाई झाली. वाफ सोडून आग दडपण्याच्या साधनाचा उपयोग केला गेला नाही. आणि दलास वर्दी देण्यास विलंब झाला. यांपैकी एकही चूक शत्रूची नव्हती. प्रत्येक चूक किरकोळ वाटावी अशीच होती, आणि त्या एका ठिकाणी आल्या म्हणून शहराचा एक भाग उद्ध्वस्त झाला. काका म्हणत, त्या अहवालाने मला धंदा शिकविला. मोठ्या आगीचे कारण मोठे असलेच पाहिजे, हा मनुष्यस्वभावाचा भ्रम आहे.

दलात बढती मिळत गेली तसे आग विझल्यानंतर तिच्या कारणाचा अहवाल लिहिण्याचे काम त्यांच्याकडे येऊ लागले. इतर मंडळी दमून चहास जात, त्या वेळी हे गृहस्थ गमबूट घालून चिखल, राख व पाणी यांच्या काल्यात उकिडवे बसलेले असत. त्यांची रीत साधी होती. आगीचा स्वभाव वर चढण्याचा, म्हणून जळालेल्या खुणांत सर्वांत खालची खूण आधी शोधावी. लाकूड कोठे सर्वांत खोल कोळसले आहे आणि कोणत्या अंगाने, ते पाहावे. प्रथम धूर कोणी पाहिला, कोठून पाहिला, त्याचा रंग कसा होता, हे विचारावे. आणि साक्षीदार गोंधळला तर त्याच्यावर रागावू नये. ‘शॉर्ट सर्किट’ असे उत्तर कोणी चटकन दिले की ते हसत. विजेच्या तारा आगीमुळेही वितळतात; तेव्हा तार वितळली एवढ्यावरून आग तिनेच लावली असे ठरत नाही, हे ते कनिष्ठांस वारंवार बजावीत.

या विद्येचे मोल मला कळले ते आमच्याच गावातील एका प्रसंगाने. गावात वीज नुकतीच आली होती. एका घराला रात्री आग लागून आढ्यापासून निम्मे छप्पर कोसळले. सुदैवाने माणसे व गुरे वाचली. सर्वांनी दोष ठेवला तो घरातील धाकट्या सुनेवर. तिनेच रात्री चूल नीट विझविली नसणार, असे सासर म्हणू लागले आणि तिला माहेरी धाडण्याची भाषा निघाली. काका तेव्हा रजेवर आले होते. त्यांनी कोणाचीही बाजू घेतली नाही. सकाळभर ते राखेत हिंडले. मग घरातील वडील माणसांस बोलावून त्यांनी चुलीशेजारी रचलेला लाकूडफाटा दाखविला. तो वरच्या अंगाने काळवंडला होता, खालची लाकडे कोरीच्या कोरी होती. चुलीतून आग निघती तर ती खालून वर गेली असती. येथे जळते वासे वरून पडले होते. पोटमाळ्यावरील तुळई मात्र एका ठिकाणी मनगटभर खोल कोळसली होती, तेथूनच विजेची तार गेली होती, आणि तिच्या तुटल्या टोकास तांब्याचा मणी झाला होता. धूर प्रथम आढ्याच्या कौलांतून निघाल्याचे शेजाऱ्याने सांगितले होतेच. “एकट्या मण्यावर मी बोललो नसतो,” ते म्हणाले, “पण चारही साक्षी एकच सांगतात. चूल निर्दोष आहे.” त्यांनी ‘सून’ हा शब्दही उच्चारला नाही, चूल निर्दोष ठरली म्हणजे काय ठरले ते सर्वांस उमगले. ती बाई पुढे त्या घरची कर्ती झाली, आणि काका गावी आले की त्यांच्यासाठी तांदळाच्या भाकरी तिच्याच घरून येत.

घरात हा मनुष्य विलक्षण मायाळू होता. दलाच्या वसाहतीतील दोन खोल्यांत त्यांचा संसार. त्यातच गावाकडून शिकावयास आलेली पुतणी-भाचरे. त्यांतील एक मीही होतो. घंटा झाली की जेवते ताट सोडून ते जात. परत आल्यावर अंगास धुराचा वास असे, म्हणून स्नान केल्यावाचून मुलांस जवळ घेत नसत. काकू कधी बोलून दाखवीत नसत, परंतु ते येईपर्यंत त्यांचे जेवण होत नसे. लग्नकार्यात काका मांडवात शिरले की प्रथम बाहेर पडण्याच्या वाटा मोजीत, आचाऱ्याच्या भट्टीपासून कापडी पडदा दूर सारावयास लावीत, आणि मगच वधूवरांस अक्षता टाकीत. आम्ही मुले त्यांची थट्टा करीत असू. दर वर्षी १४ एप्रिलला भायखळ्याच्या मुख्यालयात हुतात्म्यांस वंदन करून ते घरी येत व त्या दिवशी फारसे बोलत नसत. निवृत्तीनंतर ते गावी राहिले आणि पिकल्या वयात, मुलानातवंडांच्या सान्निध्यात, शांतपणे गेले.

आज आपल्या तालुक्याचे रूप पालटले आहे. महाडची औद्योगिक वसाहत उभी राहिली, तीत रसायनांचे कारखाने आले, आपल्यातील अनेक घरांची चूल त्यांवर पेटते. त्याच वसाहतीतील एका कारखान्यात ३ नोव्हेंबर २०२३ रोजी स्फोट होऊन आग लागली व अकरा कामगारांचे प्राण गेले. अशा प्रसंगी आपण हळहळतो, मदत गोळा करतो, आणि विसरतो. महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम आहे. त्यान्वये इमारतीतील अग्निसुरक्षेची साधने चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र मालकाने जानेवारी व जुलै अशा दोन वेळी सादर करावयाचे असते. आपण जेथे नोकरी करतो, जेथे मुलांस शिकावयास पाठवितो, जेथे लग्ने लावतो, तेथे हे प्रमाणपत्र मागण्याचा संकोच का वाटावा?

ज्ञातिबंधुभगिनींस माझी एवढीच विनंती आहे. आपल्यापैकी कोणी या सेवेत असेल तर त्याचा सत्कार त्याच्या हयातीत व्हावा. सेवेत जाऊ इच्छिणाऱ्या मुलामुलींस संस्थेच्या शिक्षणनिधीतून साहाय्य मिळावे. नागपूर येथील राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालयाची माहिती त्यांच्यापर्यंत पोहोचावी. आणि कोणाच्या घरी आग लागलीच, तर दोष कोणाच्या माथी मारण्यापूर्वी राख काय सांगते ते ऐकून घ्यावे. काकांच्या स्मृतीस याहून उचित वंदन दुसरे नाही.