बिनचेहऱ्याचा मध्यस्थ

जोडीदार शोधण्यासाठी परक्याची मदत घेणे ही आजची गोष्ट नव्हे. १६९५ साली लंडनच्या एका नियतकालिकात सुमारे तीस वर्षांच्या गृहस्थाची जाहिरात आली. त्याला तीन हजार पौंडांच्या आसपास संपत्ती असलेली वधू हवी होती. स्वतःचे नाव मात्र त्याने छापले नव्हते. काय सांगावे आणि काय झाकावे, हे त्याच्या हाती होते.

१९६५ साली अमेरिकेत हार्वर्डच्या विद्यार्थ्यांनी 'ऑपरेशन मॅच' सुरू केले. प्रश्नावली आणि तीन डॉलर पाठवले की संगणक अनुरूप नावे निवडून देई. मनातली आवडनिवड यंत्राच्या स्वाधीन होऊ लागली.

पुढे २००९ मध्ये 'ग्राइंडर' हे समलिंगी पुरुषांसाठीचे अ‍ॅप आले, २०१२ मध्ये 'टिंडर'. आता माणूस कोठे आहे, हेही यंत्राला कळू लागले. भेटणाऱ्याशी प्रामाणिक राहावे म्हणून अनेकांनी 'ग्राइंडर'वर आपल्या एचआयव्ही तपासणीचा निष्कर्ष नोंदवला. तो दोन बाहेरच्या कंपन्यांपर्यंत पोहोचत असल्याचे २०१८ मध्ये उघडकीस आले. वैध संमतीविना वापरकर्त्यांची माहिती जाहिरातदारांना दिल्याबद्दल २०२१ मध्ये नॉर्वेने या कंपनीला साडेसहा कोटी क्रोनर दंड ठोठावला.

स्थळ सुचवणाऱ्या ओळखीच्या माणसाने गुपित फोडले, तर आपण त्याच्या दारात जाऊन जाब विचारू शकतो. या नव्या मध्यस्थाला दार नाही, चेहराही नाही. म्हणून फसवणूक झालेल्या मुलामुलींना बोल लावण्याची घाई आपण करू नये. विश्वास टाकणे हा गुन्हा नव्हे. तो विकणे हा गुन्हा आहे.