चंद्रावरील तीन शेजारी

शुद्ध अष्टमीच्या सुमारास लहानशा दुर्बिणीतून चंद्र पाहिला, तर बिंबाच्या जवळजवळ मध्यावर उत्तरेकडून दक्षिणेकडे एका ओळीत तीन मोठी विवरे दिसतात. पहिले टॉलेमी, सुमारे १५० किलोमीटर रुंद. दुसरे अल्फॉन्सस, सुमारे ११०. तिसरे अर्झाखेल, सुमारे ९७. टॉलेमीचा तट झिजून खचला आहे. चंद्रावर पाऊस नाही, वारा नाही. मग ही झीज कशाची? आघातांची. सुमारे ३९० कोटी वर्षांपूर्वी वायव्येस एका प्रचंड आघाताने इंब्रियमचे खोरे झाले. त्या वेळी उडालेल्या खडकांनी टॉलेमीच्या तटाला पाडलेले चर अद्याप दिसतात. अर्झाखेल त्यानंतरचे, म्हणून त्याचा तट धड आहे.

ही नावे इटलीतील जेझुइट पंडित रिचोली याने १६५१ साली दिली. टॉलेमी हा अलेक्झांड्रियाचा ज्योतिर्विद. त्याचा ग्रंथ सुमारे चौदाशे वर्षे प्रमाण मानला गेला. अल्फॉन्सस म्हणजे कास्तीलचा राजा दहावा अल्फॉन्सो. त्याच्या नावाची ग्रहकोष्टके सिद्ध केली यहूदा बेन मोशे व इसहाक बेन सिद या दोघांनी. नाव मात्र लागले राजाचे.

आणि अर्झाखेल? हा अल्-झर्काली, अकराव्या शतकातील तोलेदो शहरातला धातूवर कोरीवकाम करणारा कारागीर. परंपरा सांगते की, तो विद्वानांना यंत्रे घडवून देई. त्याची बुद्धी पाहून त्यांनी त्याला ग्रंथ वाचावयास दिले. पुढे त्याने कोणत्याही अक्षांशावर चालेल अशी यंत्रराजाची तबकडी रचली, सूर्याचे वेध घेतले, तोलेदोच्या कोष्टकांत भर घातली. अल्फॉन्सोची कोष्टके याच पायावर उभी राहिली. १५४३ च्या आपल्या ग्रंथात कोपर्निकसनेही त्याचा नामनिर्देश केला आहे.

कारागिराच्या नावाचे विवर धड आणि टॉलेमीचे झिजलेले, हा निव्वळ योगायोग. त्यातून बोध काढू नये. परंतु कारागिराचे नाव टिकले, हा योगायोग नव्हे. त्याने आपले ज्ञान लिहून ठेवले, आणि ज्यांच्यापाशी ग्रंथ होते त्यांनी ते त्याच्यापासून दूर ठेवले नाहीत. म्हणून कामावरून सुटलेल्या माणसासाठी गावातले वाचनालय किती वाजेपर्यंत उघडे असते, हा प्रश्न मला इतिहासाचाच वाटतो.