छायाचित्राचें स्थल : शोध व प्रामाण्य

इतिहासाच्या साधनांत छायाचित्रांची गणना आतां सर्वमान्य आहे. तथापि त्यांचें स्थल ठरविण्याकडे पुरेसें लक्ष गेलेलें नाहीं. हल्लीं आंतरजालावर नकाशांतील एखादा बिंदु निवडला असतां त्याच्या आसपास घेतलेलीं छायाचित्रें क्षणांत पुढें येतात. सोय मोठी आहे. परंतु तिच्या योगें हातीं येणारें साधन अस्सल कागदाप्रमाणेंच पारखून घेतलें पाहिजे, असें आमचें म्हणणें आहे.

हा शोध अक्षांश-रेखांशांवर चालतो. ज्या कॅमेऱ्यांत किंवा फोनमध्यें उपग्रहांच्या साह्यानें स्थान ओळखण्याची योजना असते, तो चित्राच्या फाइलींतच ‘एक्झिफ’ नांवाच्या टिपणांत वेळेबरोबर स्थानही नोंदवूं शकतो. इतर चित्रांचें स्थान तीं संग्रहांत चढविणारा मनुष्य नकाशावर हातानें दाखवितो. पहिली नोंद यंत्राची, दुसरी स्मरणाची किंवा तर्काची. दोहोंचें प्रामाण्य सारखें धरतां येत नाहीं. रॉबर्ट गिल यानें घेतलेलीं अजिंठ्याच्या लेण्यांचीं छायाचित्रें १८६४ त प्रसिद्ध झालीं. त्यांस आज कोणी अक्षांश-रेखांश जोडल्यास तें जोडणाराचें मत समजावें, गिलची साक्ष समजूं नये.

आंकड्यांचाही विचार करावा. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारें १११ किलोमीटर. म्हणून दशांशचिन्हापुढें दोनच अंक दिले असतील तर किलोमीटरभराची, तीन असतील तर शंभर-सव्वाशें मीटरांची संदिग्धता राहते. पांच-सहा अंक दिसले तरी मोजणी तितकी बिनचूक असतेच असें नाहीं. उंच कड्याखालीं यंत्रही फसतें.

सर्वांत महत्त्वाचा भेद कॅमेऱ्याचें स्थान आणि चित्रविषयाचें स्थान यांतील होय. जुन्या पत्राचा मुक्काम एके ठिकाणचा व मजकूर दुसऱ्या ठिकाणचा असतो, तसाच हा प्रकार आहे. राजगडावरून तोरणा स्पष्ट दिसतो. दोहोंमधील सरळ अंतर ७-८ किलोमीटर भरतें. राजगडाच्या संजीवनी माचीवरून घेतलेलें तोरण्याचें चित्र घ्या. कॅमेऱ्याचेंच स्थान नोंदलेलें असल्यास, तोरण्याभोवतीं २ किलोमीटरांचें वर्तुळ धरून शोधणारास तें सांपडणार नाहीं; उलट राजगडाच्या शोधांत तें पुढें येईल, आणि नवखा वाचक त्यास राजगडच समजेल. विकिमीडिया कॉमन्स या संग्रहांत दोन्ही स्थानें निरनिराळीं नोंदविण्याची सोय आहे. ब्रिटन व आयर्लंड येथील प्रत्येक चौरस किलोमीटराचीं चित्रें जमविण्याच्या हेतूनें २००५ त निघालेल्या ‘जिओग्राफ’नेंही हा भेद राखिला आहे.

संग्रहाच्या आयुष्याचा भरंवसाही धरतां येत नाहीं. २००५ त स्पेनमध्यें निघालेला ‘पॅनोरामिओ’ हा संग्रह स्थलवार छायाचित्रांसाठींच प्रसिद्ध होता. २००७ त तो गूगलनें घेतला व नोव्हेंबर २०१६ त बंद केला. ज्यांनीं आपल्या लेखांत केवळ तेथील दुवा दिला होता, त्यांच्या विधानांचा आधार त्याबरोबर नाहींसा झाला.

हा विचार केवळ तात्त्विक नव्हे. २०२५ त राजगडासह बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादींत आले. ज्या गडावर दुरुस्तीचें काम निघतें, तेथें तट पूर्वीं कसा होता हें दाखविणारें साधन पुष्कळदां एखाद्या वाटसरूनें घेतलेलें छायाचित्रच असतें. तें कोठून, कोणत्या दिशेस तोंड करून व केव्हां घेतलें हें ठरल्यास तें पुरावा होतें. न ठरल्यास नुसती शोभा.

सबब संग्राहकांस आमची सूचना अशी : चित्राची मूळ फाइल जतन करावी, कारण फोनवरून संदेशाबरोबर धाडलेल्या प्रतींतून स्थानाचें टिपण बहुधा गळतें. शेजारीं कॅमेऱ्याचें स्थान, विषयाचें स्थान, दिशा व तारीख हीं लिहावीं. आणि स्थान कोणी व कशावरून ठरविलें, हें लिहिण्यास चुकूं नये.