विद्यापीठानें न शिकविलेलें संगीत

एखादी कला अभ्यासक्रमांतच नसेल, तर तिच्या उपासकानें विद्यापीठांत जावें कशासाठीं? १९२० च्या सुमारास जॅझच्या नादीं लागलेल्या अमेरिकन तरुणांपुढें हा प्रश्न होता. न्यू ऑर्लिन्सच्या कृष्णवर्णीय वादकांनीं वाढविलेलें हें संगीत नृत्यगृहांत व ध्वनिमुद्रिकांतून गाजत होतें. विद्यापीठांच्या संगीतशाळांस मात्र त्याचा विटाळ होता.

इंडियाना संस्थानांतील ब्लूमिंग्टन गांवीं १८९९ सालीं जन्मलेला होग्लंड ऊर्फ होगी कार्मायकल हा अशाच तरुणांपैकीं एक. त्याची आई मूकपटांच्या खेळांना पियानोची साथ करी. पहिले धडे तिचेच. पुढें इंडियानापोलिस शहरीं रेजिनाल्ड ड्युव्हाल या कृष्णवर्णीय पियानोवादकानें त्याला जॅझची वाट दाखविली. १९१८ सालीं त्याची चिमुकली बहीण वारली. हातीं पैसा असता तर चांगला वैद्य आणतां आला असता, हें शल्य त्याला जन्मभर बोचलें. पुन्हां दारिद्र्य नको, असा निश्चय केलेल्या या तरुणानें इंडियाना विद्यापीठांत कायद्याचा अभ्यास पत्करला, यांत नवल नाहीं.

परंतु पियानो सुटला नाहीं. ‘बुक नुक’ नांवाच्या विद्यार्थ्यांच्या अड्ड्यावर तो तासन् तास वाजवीत बसे. सोबत्यांचा वाद्यवृंद उभारून तो कॉलेजांतील नृत्यसमारंभ रंगवी. १९२४ सालीं ‘वुल्व्हरिन्स’ हा वाद्यवृंद ब्लूमिंग्टनला आला. त्यांतील बिक्स बायडरबेक याच्या कॉर्नेटच्या सुरांनीं होगी भारून गेला. त्याच वर्षीं मे महिन्यांत होगीची ‘रिव्हरबोट शफल’ ही रचना त्या वृंदानें ध्वनिमुद्रित केली. रचनाकार अद्याप विद्यार्थीच होता.

खुद्द बिक्सचा अनुभव निराळा. १९२५ सालीं तो आयोवा विद्यापीठांत गेला. त्याला केवळ संगीत शिकावयाचें होतें. विद्यापीठानें इतर विषयांची सक्ती केली. अवघ्या अठरा दिवसांत त्याचें विद्यार्थिपण संपलें.

होगीनें १९२६ सालीं कायद्याची पदवी घेतली व फ्लॉरिडांत वकिलीच्या कचेरींत कामही केलें. पण मन तेथें रमेना. १९२७ च्या ऑक्टोबरांत त्यानें ‘स्टारडस्ट’ ही आपली रचना मुद्रित केली आणि पुढें वकिलीस रामराम ठोकला. १९३० सालच्या ‘जॉर्जिया ऑन माय माइंड’ या गीताचे शब्द स्टुअर्ट गोरेल या त्याच्या विद्यापीठांतील मित्राचे होते. विद्यापीठानें त्याला जॅझ दिलें नाहीं. श्रोते, सोबती आणि उमेदवारीचीं वर्षें मात्र दिलीं.

पुढें काळ पालटला. १९४७ सालीं टेक्ससमधील डेंटनच्या कॉलेजानें या संगीताचा पदवी-अभ्यासक्रम सुरू केला. परंतु नांव दिलें ‘नृत्यवृंद’! १९६८ सालीं इंडियाना विद्यापीठांतही जॅझचें रीतसर शिक्षण सुरू झालें. आणि १९७२ सालीं त्याच विद्यापीठानें होगीला संगीताची सन्माननीय डॉक्टरेट अर्पण केली. कायद्याची पदवी त्यानें परीक्षा देऊन मिळविली होती. ही दुसरी पदवी, विद्यापीठानें त्याला कधींच न शिकविलेल्या विद्येबद्दलची होती.